पाठ सोडून कुठेही

शैलानं पोह्यांवर लिंबू पिळलं, बोटं पुसली आणि म्हणाली, "आज मसाजला जायचं."

बँकॉकच्या हॉटेलात सकाळी साडेसातला आम्ही बत्तीस मराठी माणसं पोहे खात होतो. टूर कंपनीनं स्वयंपाकी बरोबर आणला होता, त्यामुळे परदेश असा आम्हाला तीन दिवसांत फक्त बसच्या खिडकीतून दिसला होता. त्या दिवसापुढे कार्यक्रमपत्रिकेत 'मोकळा दिवस' असं छापलं होतं. बाकीचे खरेदीला निघाले होते, आणि मीही त्यांच्याबरोबर जाणार होतो. मला काहीही घ्यायचं नव्हतं. पण दुकानात कोणी शर्ट काढायला सांगत नाही.

"कसला मसाज?" मी विचारलं.

"अंगाचा."

"तुझ्या?"

"दोघांच्या. इतक्या लांब आलोय."

ही बाई चपलेच्या दुकानातही दुकानदाराला पायाला हात लावू देत नसे. तिला एकदम परक्या माणसाकडून अंग रगडून घ्यायची हौस कुठून आली, असं माझ्या मनात यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या मनात तेव्हा सुपारीएवढी दुसरीच गोष्ट होती.

ती आधी सांगून टाकतो. माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, एक गाठ होती. फूटपट्टीनं पाठ खाजवायची माझी जुनी सवय. निवृत्त होताना ऑफिसातली तेवढी एकच वस्तू मी घरी आणली होती. ऑगस्टमध्ये एका दुपारी ती पट्टी सरळ जाता जाता अडखळली. मी पुन्हा फिरवली, पुन्हा त्याच जागी अडखळली. दुखत नव्हतं. दुखत नव्हतं हेच वाईट होतं, कारण माझ्या थोरल्या भावाची, अप्पाची, मानेवरची गाठही दुखत नव्हती. काही वर्षांपूर्वी ती वहिनींना त्याचा मफलर गुंडाळताना लागली. त्यांनी जानेवारीत त्याला डॉक्टरकडे नेलं आणि त्याच सप्टेंबरात अप्पा गेला. शेवटी शेवटी मी त्याला कुशीवर वळवायचो तेव्हा हातात दुपटं आल्यासारखं वाटायचं.

अप्पाच्या तेराव्याला, जेवणं झाल्यावर, सगळे सुपारी कातरत बसले असताना मी म्हणालो होतो, "अप्पा बरा होता हो. वहिनींनी गाठ शोधली आणि अप्पा हरवला." रडून दमलेली माणसं होती, हसली. वाक्य नातेवाइकांत चाललं. कुठे लग्नाकार्यात भेटलं की कोणीतरी मला ते ऐकवायचं, आणि ते माझंच आहे हे मी नम्रपणे सांगायचो.

तर मी ठरवलं होतं, ही गाठ कोणाला शोधू द्यायची नाही. विम्याच्या कचेरीत मी बत्तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले. 'शरीरावर कुठे गाठ, सूज?' या प्रश्नापुढे 'नाही' लिहिताना काही माणसं पेन जरा जास्त दाबतात. कागदाच्या मागून बोट फिरवलं की तेवढं एक 'नाही' बोटाला लागतं. मी ते ओळखायचो आणि ऑफिसात माझा त्याबद्दल लौकिक होता. आता पाच महिने मी स्वतः तसंच 'नाही' दाबून बसलो होतो.

दिवाळीत तर थोडक्यात निभावलं होतं. आमच्याकडे नरकचतुर्दशीला शैला मला पाटावर बसवून पाठीला तेल आणि उटणं लावते. लग्नापासून एकही दिवाळी चुकली नव्हती. त्या वर्षी मी तेलाची वाटी उचलली, न्हाणीघरात शिरलो आणि आतून कडी घातली. सर्दी झालीय, उघड्यावर नको, असं आतून सांगितलं.  बऱ्याच वेळानं पाट उचलल्याचा आवाज आला.

आणि आता बँकॉक.

आमचे टूर मॅनेजर सोहोनी यांच्याकडे मसाजच्या चांगल्या जागांची यादी होती. त्यांनी ती शैलाला दिली आणि म्हणाले की भाषेची काळजी करू नका, फॉर्म देतात, त्यावर माणसाचं चित्र असतं, पुढून आणि मागून. जिथे नीट रगडून हवं तिथे गोल करायचा, जिथे हात नको तिथे फुली मारायची. फुलीची ही सोय मला फार आवडली. तिच्याच भरवशावर मी हॉटेलच्या बाहेर पाऊल टाकलं.

खरं म्हणजे बाहेर पडायच्या आधीच पहिली जागा लागली. हॉटेलचा स्वतःचा स्पा पाचव्या मजल्यावर होता. दारावर एका पालथ्या झोपलेल्या बाईचा मोठा फोटो होता. तिच्या उघड्या पाठीवर ओळीनं काळे गोटे ठेवले होते आणि ती हसत होती. मला एकदम तहान लागली. मी शैलाला म्हणालो, इथे आपल्याच टूरमधली माणसं येतील आणि उद्या पोहे खाताना एकमेकांच्या पाठीची चौकशी करतील. तिला ते पटलं.

रस्त्यावर आलो. ऊन जबरदस्त होतं. पहिल्याच गल्लीत एका दुकानाच्या काचेआड चार गोरी माणसं पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आरामखुर्चीत पडली होती आणि चार बायका त्यांची पावलं दाबत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मी शैलाला सांगितलं, हे शास्त्रीय आहे, सगळ्या अवयवांचे बिंदू तळपायात असतात, बाकी अंगाला हात लावायची गरजच नसते.

"पाय मी घरीही चेपून घेईन," ती म्हणाली.

"कोणाकडून?"

"तेही खरंच," असं म्हणून ती हसली. पण थांबली नाही.

तिसऱ्या जागी मसाज करणारी माणसं आंधळी होती. पाटीवर पांढऱ्या काठीचं चित्र होतं. दारातल्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस गिऱ्हाइकाची वाट बघत बसला होता. आमच्या चपलांचा आवाज ऐकून त्यानं तोंड वळवलं आणि हसला. शैलाकडे नाही, माझ्याकडे. माझ्या डाव्या खांद्याखाली मुंग्या आल्या. डोळस माणसाला चुकवता येतं, पण हा माणूस आयुष्यभर बोटांनीच बघत आला होता. त्याच्या हाताखाली माझी गाठ एका मिनिटात वाचून झाली असती.

"इथे बरं वाटतंय," शैला म्हणाली. "यांचे हात तयार असतील."

"नको."

"का?"

"आपण त्यांना बघायचं आणि त्यांना आपण दिसायचं नाही, हे बरं नाही वाटत."

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला कधीपासून असं वाटायला लागलं?"

मी चालायला लागलो. शर्ट पाठीला चिकटला होता, आणि चिकटलेल्या शर्टातून ती दिसत असेल असं वाटून मी शैलाच्या मागे मागे चालत होतो. ती मध्येच थांबायची, मला पुढे जाऊ द्यायला बघायची. मीही थांबायचो. असे आम्ही दोघं एका रहदारीच्या फुटपाथवर, एकमेकांना आधी वाट देत, दहा मिनिटं चाललो.

मग मला एक युक्ती सुचली. कोपऱ्यावर एक दुकान होतं, भर दुपारी गुलाबी दिवा, जाड पडदा, आणि बाहेर स्टुलावर आखूड झग्यातल्या दोन मुली. आमच्या सांगलीची कुठलीही बाई तिथून पदर सावरून रस्ता ओलांडेल आणि मसाज हा विषय या जन्मापुरता मिटेल, असा माझा हिशेब होता.

"हे बरंय," मी म्हणालो.

शैलानं पाटी वाचली. मुलींकडे बघितलं. मुली उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. शैलानंही जोडले. "चला," ती म्हणाली.

"अगं, ही जागा तसली आहे."

"कसली?"

"तसली."

"मग तुम्हीच आत्ता बरंय म्हणालात ना?"

ती खरोखरच पायरी चढली. मी तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. चारचौघांत मी तिचा हात असा कधी धरला नव्हता. त्या दोन मुलींना ते दिसलं आणि त्या हसल्या. शैला हसली नाही. ती रस्त्याच्या कडेला, उन्हात, यादी हातात धरून उभी राहिली.

"तुम्हाला नक्की काय नकोय?"

"मला काहीच नको नाहीये."

"मग पुढची जागा मी ठरवणार. आत गेल्यावर बोलायचं नाही."

तिचा आवाज कापत होता. मला वाटलं, रागानं.

ती जागा म्हणजे एक जुनं लाकडी घर होतं. चपला बाहेर, आत गार जमीन, लेमनग्रासचा वास, आमच्या गवती चहाचाच तो. कुणी बोलत नव्हतं. मला ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसल्यासारखं वाटलं, अप्पाच्या वेळी बसलो होतो तसं. काउंटरवरच्या बाईनं दोघांना एकेक फॉर्म दिला. त्यावर सोहोनी म्हणाले होते तसं चित्र होतं, केस नसलेला, चेहरा नसलेला माणूस, पुढून आणि मागून. खाली इंग्रजीत प्रश्न होते. गाठ, सूज? मी 'नो' लिहिलं. मग मागच्या माणसाच्या मानेपासून कंबरेपर्यंत मी एक मोठी फुली मारली. समाधान होईना म्हणून तिच्यावर दुसरी मारली. कागद उलटा करून सवयीनं बोट फिरवलं. 'नो' लागलं बोटाला.

"द्या, मी देते," शैला म्हणाली आणि दोन्ही फॉर्म घेऊन काउंटरकडे गेली. बराच वेळ ती तिथे पाठमोरी उभी होती. मला वाटलं, बाथरूम कुठे आहे ते विचारत असेल.

मला नेणाऱ्या बाईचं नाव नोई. साठीची असावी, माझ्याच वयाची. ठेंगणी, आणि हात रोज परातभर कणीक मळणाऱ्या बाईचे. अंगात घालायला तिनं सुती पायजमा आणि बिनकॉलरचा सदरा दिला. कपडे असणार म्हटल्यावर मला धीर आला. मी गादीवर उताणा झोपलो आणि पाठ गादीला घट्ट टेकवून, दारावर पहारेकरी बसावा तसा तिची राखण करत राहिलो. पावलं झाली. पोटऱ्या झाल्या. हाताचं एकेक बोट तिनं ओढून सरळ केलं. प्रत्येक अवयव संपला की उरलेले अवयव मी मोजत होतो. इतकं हळुवार दाबत असताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, आणि तिनं एकदा माझ्या जबड्यालाही हात लावून तो सैल करायचा प्रयत्न केला.

मग तिनं हातानं खूण केली. वळा.

मी मान हलवली आणि हवेत फुली काढून दाखवली. ती हसली. एक हात माझ्या खांद्याखाली, एक कंबरेखाली, आणि भाकरी उलटावी तितक्या सहज तिनं मला पालथं केलं.

तिचा हात इकडे तिकडे गेला नाही. मसाज करणारा हात मानेपासून सुरू होतो, मणक्यावरून उतरतो. हा हात थेट डाव्या खांद्याच्या हाडाखाली आला आणि थांबला.

पाच महिन्यांत त्या जागेला माझ्या फूटपट्टीशिवाय कोणी शिवलं नव्हतं. मी उशीत तोंड खुपसलं. तिनं दोन बोटांत ती धरली. एकदा डावीकडे सरकवली, एकदा उजवीकडे. बाजूनं बोट फिरवलं. अप्पाची तपासणी करताना डॉक्टरांनी अगदी असंच केलं होतं, आणि मग ते हात धुवायला गेले होते आणि हात धुवायला त्यांना फार वेळ लागला होता.

"डॉक्टर?" नोईनं विचारलं.

"येस, येस," मी उशीत म्हणालो.

"व्हेन?"

मी उशी घट्ट धरली.  मग तिनं अख्खा तळवा त्या जागेवर ठेवला आणि तसाच ठेवून दिला.  बरंच झाल्यावर तिनं तळवा उचलला, माझ्या अंगावर पांघरूण घातलं आणि बाहेर गेली.

ती हात धुवायला गेली, असं मला वाटलं. मी उठलो, घाईनं शर्ट चढवला. बटणं वरखाली लागली. हिला थेट तिथेच हात कसा ठेवता आला, हा प्रश्न मला बटणं लावताना पडला.

बाहेर चहा द्यायची खोली होती, तिला बांबूच्या काड्यांचा पडदा होता. पडद्याआड शैला बसली होती, पहिल्याच कपड्यांत, केसही न विस्कटलेली. तिनं मसाज घेतलाच नव्हता. नोई तिच्यासमोर जमिनीवर बसली होती. नोईनं अंगठा आणि तर्जनी जुळवून एक कडं केलं, सुपारी मावेल एवढं. शैलानं ते नीट बघितलं. मग तिनं आपला हात वर केला, करंगळीचं टोक धरलं आणि त्या टोकाच्याही निम्म्यावर नख टेकवलं. नोईनं तिचं नख बघितलं, आपलं कडं बघितलं. दोघींनी आपापली मापं हवेत तशीच धरून ठेवली होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

मी पडदा बाजूला केला. नोई उठली, मला वाकून नमस्कार केला आणि गेली.

टेबलावर माझा फॉर्म होता. माझ्या दोन फुल्यांच्या मधे, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, निळ्या शाईत एक छोटा गोल होता. शैलाच्या पर्समधल्या पेनची शाई. गोल एकदाच नव्हे, चार-पाच वेळा गिरवला होता.

"कधी कळलं तुला?" मी विचारलं.

"गेल्याच्या गेल्या दिवाळीत. तेल लावताना. मसुराएवढी होती."

म्हणजे माझ्याही नऊ-दहा महिने आधी. मी खाली बसलो.

"सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या तेराव्याला कोणीतरी माझं वाक्य केलं असतं."

बाहेर कोणीतरी पितळी घंटा वाजवली, दुसऱ्या कोणाचा तरी तास संपला होता. शैला चहाच्या कपाकडे बघत बोलत होती. ती म्हणाली की वर्षभर ती या दिवाळीची वाट बघत होती, तेलाच्या हातानं कळेल म्हणून, वाढली की तेवढीच आहे. "तुम्ही आतून कडी घातलीत तेव्हा समजलं, तुम्हालाही लागली. आता बोलाल असं वाटलं. पाट घेऊन उभी होते मी."

"म्हणून ही टूर?"

"सांगलीत तुम्ही शर्ट काढला नसतात, आणि माझ्या तोंडून निघालं नसतं. म्हटलं, परक्या बाईच्या हाताला लागू दे. तिला कोण नावं ठेवणार? तिला मराठी येत नाही."

मी तिच्याकडे पाठ करून बसलो. तिनं पडद्याकडे बघितलं, कोणी नव्हतं. मग शर्टाखालून तिचा हात आला, गार आणि ओला. शोधावं लागलं नाही तिला.

"सरकते," ती म्हणाली.

"सरकते म्हणजे बरं ना?"

"मला काय माहीत."

तिचा हात तिथेच राहिला. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा मी मोठ्यानं म्हणालो की मला भीती वाटते. ती म्हणाली, "हं."

परत आल्यावर आठवड्याच्या आत मिरजेत एका डॉक्टरांनी गाठ काढली. जागा बधिर करून, अर्ध्या तासात. तपासायला पाठवली आणि आठ दिवसांनी रिपोर्ट मिळेल म्हणाले. ती साधी चरबीची होती, हे आठ दिवसांनी कळलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली आणि मी लिहितोय, त्यावरून तुम्हीही ओळखलंच असेल. पण गाठ काढली त्या दुपारी दवाखान्याच्या फाटकाशी आम्हाला दोघांनाही ते माहीत नव्हतं. मी रिक्षावाल्याला स्टँडऐवजी वहिनींच्या घराचा पत्ता सांगितला.

"रिपोर्ट येऊ दे, मग जाऊ," शैला म्हणाली.

"मग गेलो तर रिपोर्टमुळे गेलो असं होईल."

वहिनी एकट्याच होत्या. आम्हाला बघून त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, पाणी आणलं. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "वहिनी, अप्पाच्या तेराव्याला मी एक वाक्य बोललो होतो."

"बोलला होतात," वहिनी म्हणाल्या. "मी आतल्या खोलीत होते. हसल्याचं ऐकू आलं. वाक्य मागाहून कळलं."

मी पुढचं बोलायला शब्द शोधत होतो. त्या दिवशी एकही नीट सापडला नाही. शेवटी मी त्यांना सगळं क्रमानं सांगितलं, फूटपट्टीपासून निळ्या गोलापर्यंत. शैला भिंतीला टेकून उभी होती. माझं झाल्यावर ती म्हणाली, "वहिनी, मी वर्षभर बोलले नाही."

वहिनींनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला.

"मलाही ह्यांची गाठ आदल्या थंडीत लागली होती," त्या म्हणाल्या. "तो अख्खा हिवाळा मी मफलर गुंडाळत होते. पुढच्या हिवाळ्यात नेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं वाक्य मला सोयीचंच झालं, भाऊजी. सगळे त्याला हसत राहिले. उशीर का केलास, असं कोणी विचारलं नाही."

बंद आवाजाच्या टीव्हीत कोणीतरी रांगोळी काढत होतं. 

"कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"पाठीवर."

"पाठ करा इकडे."

मी शर्टाची बटणं सोडली आणि वळून बसलो. जखमेवरच्या पट्टीचं एक टोक घामानं सुटलं होतं. ते वहिनींनी अंगठ्यानं दाबून चिकटवलं, आणि शैलाला जवळ बोलावून म्हणाल्या, "इथे धर जरा. मी दुसरी पट्टी आणते."